पाणी ३९ फुटांवर येण्याआधी: कोल्हापुरातल्या छोट्या व्यवसायाने आपला डेटा कसा राखावा

ऑगस्ट २०१९ मध्ये राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची पातळी ५५ फुटांच्या पुढे गेली, तेव्हा शाहूपुरीतल्या ज्या व्यापाऱ्यांचे हिशेब मी पाहत होतो त्यांनी दुकानातली पोती, वजनकाटा, गल्ल्यातली रोकड आणि देव्हाऱ्यातला गणपतीसुद्धा वेळेत माळ्यावर नेला. टेबलाखालचा सीपीयू मात्र कोणाच्या ध्यानातच आला नाही. पाणी ओसरल्यावर त्यांनी तो दोन्ही हातांनी उचलून फुटपाथवर ठेवला, तेव्हा पंख्याच्या जाळीतून गाळ ठिबकत होता. "बॅकअप आहे की आपल्याकडे," असे म्हणून ते आत गेले आणि त्याच टेबलाच्या खालच्या खणातून चिखलाने माखलेला पेनड्राइव्ह घेऊन आले. पुढे दिवाळीपर्यंत आम्ही पुरवठादारांकडून बिलांच्या प्रती मागवत, बँकेचे उतारे लावत आणि गिऱ्हाइकांना त्यांचीच उधारी विचारत बसलो होतो.

त्यांनी बॅकअप घेतला होता, आणि नियमाने घेतला होता. चुकली ती जागा. तेव्हापासून कोणाच्याही दुकानात किंवा कारखान्यात गेलो की मी एकच प्रश्न विचारतो: मूळ डेटाला जे संकट गाठेल, तेच संकट या प्रतीलाही गाठू शकते का? पूर, आग, वीज, चोरी, संगणक ओलीस धरणारा विषाणू आणि रागाने नोकरी सोडून गेलेला माणूस या प्रत्येकासाठी हा प्रश्न वेगळा विचारावा लागतो. पुढची सगळी कामे या प्रश्नाभोवतीच आखलेली आहेत.

पहिले काम: यादी

संगणकाला हात लावण्याआधी एक कोरा कागद घ्या आणि व्यवसाय कोणकोणत्या नोंदींवर उभा आहे ते लिहून काढा. बहुतेक जण "टॅली" (हिशेबाचे सॉफ्टवेअर) एवढेच लिहून थांबतात. प्रत्यक्षात जीएसटीची विवरणपत्रे, ई-वे बिले, बँकेचे उतारे, कामगारांचे पीएफ-ईएसआयचे कागद, गिऱ्हाइकांचे नंबर, व्हॉट्सअ‍ॅपवर आलेल्या ऑर्डरी, कोटेशनच्या एक्सेल फायली, डिजिटल स्वाक्षरीचे टोकन, सॉफ्टवेअरच्या परवान्याचे क्रमांक आणि ऑनलाइन विक्री असल्यास इन्स्टाग्रामचे खाते हे सगळे त्यात येते. चपलांचा धंदा करणाऱ्या एखाद्या तरुणाची निम्मी विक्री त्या एका खात्यावर चालते आणि त्याचा पासवर्ड फक्त फोटो काढणाऱ्या मित्राला माहीत असतो, असेही मी पाहिले आहे.

प्रत्येक नोंदीपुढे दोन आकडे लिहा. ही गोष्ट बंद पडली तर किती दिवस कळ काढता येईल, हा पहिला. आणि किती दिवसांच्या नोंदी पुन्हा हाताने भरणे झेपेल, हा दुसरा. मार्केट यार्डातल्या अडत दुकानाला ऐन गुळाच्या हंगामात एका दिवसाच्या सौद्याच्या नोंदीही पुन्हा उभ्या करता येत नाहीत, कारण शेतकरी, रव्यांची संख्या, वजन आणि भाव यांची सांगड दुसऱ्या दिवशी कोणाच्याच डोक्यात राहत नाही. अशा दुकानाने रोज संध्याकाळी प्रत घेतलीच पाहिजे. हार्डवेअरच्या छोट्या दुकानाला आठवड्यातून दोनदा घेतली तरी चालून जाते, कारण पुरवठादाराची बिले त्याला परत मिळवता येतात. दुसऱ्या आकड्यावरून प्रत किती वेळा घ्यायची ते ठरते, आणि पहिल्यावरून पर्यायी संगणक किती लवकर हाताशी हवा ते कळते.

जुना डेटा "जागा अडवतो" म्हणून उडवू नका. जीएसटी कायद्याप्रमाणे हिशेबाची पुस्तके त्या वर्षाच्या वार्षिक विवरणपत्राच्या अंतिम तारखेपासून ७२ महिने जपावी लागतात, आणि कंपनी म्हणून नोंदणी असेल तर कंपनी कायद्याची मुदत ८ आर्थिक वर्षांची आहे. कंपन्यांना हिशेबाच्या प्रतीचा सर्व्हर भारतातच ठेवून तिथे रोज प्रत घेण्याचेही बंधन आहे.

उद्यमनगर, शिरोली आणि गोकुळ शिरगाव इथल्या कारखानदारांसाठी यादीत आणखी एक ओळ हवी, आणि ती जवळजवळ प्रत्येक जण विसरतो. सीएनसी (संगणकाच्या आज्ञेवर चालणाऱ्या) मशीनचे प्रोग्राम आणि मशीनची स्वतःची पॅरामीटर, म्हणजे त्याच्या जुळणीचे आकडे, बऱ्याच कंट्रोलमध्ये (मशीन चालवणाऱ्या संगणकात) अशा मेमरीत असतात, जी वीज नसताना एका छोट्या बॅटरीवर जगते. बॅटरी आधीच उतरलेली असेल आणि पुरामुळे मशीन आठ दिवस बंद राहिले, तर पाण्याचा थेंबही न लागता मशीन आपली ओळख विसरते, आणि मग सर्व्हिस इंजिनिअर येईपर्यंत कास्टिंग रांगेत पडून राहतात. म्हणून पॅरामीटर आणि प्रोग्राम दोन्ही कार्डवर किंवा यूएसबीवर उतरवून घ्या, बॅटरीचा इशारा पडद्यावर दिसताच ती बदला, आणि बदलताना कंट्रोल चालू ठेवा. बंद मशीनची बॅटरी काढली तर ज्या नुकसानीची भीती होती ती आपल्याच हाताने होते.

दुसरे काम: तीन प्रती, आणि त्यांच्या जागा

जगभर मान्य असलेला हिशेब सोपा आहे: डेटाच्या तीन प्रती असाव्यात, त्या दोन वेगळ्या प्रकारच्या साधनांवर असाव्यात आणि त्यांतली एक तरी जागेच्या बाहेर असावी. कोल्हापुरात या हिशेबाला भूगोलाची जोड द्यावी लागते.

पहिली प्रत म्हणजे रोजच्या संगणकावरचा चालू डेटा. तो नेमका कुठे आहे हे आधी शोधा. टॅलीत कंपनी निवडण्याच्या पडद्यावर डेटाच्या फोल्डरचा मार्ग दिसतो आणि त्या फोल्डरमध्ये प्रत्येक कंपनीचे क्रमांकाच्या नावाचे वेगळे फोल्डर असते. टॅलीप्राइममध्ये आल्ट आणि वाय दाबले की डेटाचा मेनू उघडतो. त्यातून बॅकअप निवडून बाहेरच्या डिस्कचा मार्ग द्या. प्रत दर वेळी एकाच फोल्डरवर न लिहिता "सोमवार", "मंगळवार" अशा नावांच्या फोल्डरमध्ये घ्या आणि महिनाअखेरची प्रत कायमची बाजूला ठेवा. चूक बुधवारी झाली आणि शनिवारी लक्षात आली, तर मंगळवारचे फोल्डर तारून नेते. एकच प्रत असती तर तिच्यावर बुधवारची चूक केव्हाच चढलेली असती.

दुसरी प्रत बाहेरच्या हार्ड डिस्कवर घ्यायची, आणि प्रत होताच ती डिस्क संगणकापासून काढायची. हे काढणे कंटाळवाणे वाटते म्हणून लोक डिस्क कायम लावून ठेवतात. खंडणीखोर विषाणू संगणकात शिरला की तो जोडलेल्या प्रत्येक ड्राइव्हवर जातो, आणि त्याला तुमचा डेटा व तुमचा बॅकअप यांतला फरक कळत नाही. जून २०१७ मध्ये नॉटपेट्या नावाच्या हल्ल्याने मर्स्क या जहाज कंपनीचे जगभरचे संगणक निकामी केले आणि न्हावाशेवा बंदरातले तिच्या समूहाचे टर्मिनलही त्यात अडकले. कोणाला कुठे प्रवेश आहे हे ठरवणारे तिचे सर्व्हर एकमेकांवर आपोआप प्रती उतरवत असत, त्यामुळे सगळे एकदमच पुसले गेले. वाचला तो घाना देशातला एकच, कारण हल्ल्याच्या वेळी तिथली वीज गेली होती आणि तो जाळ्याच्या बाहेर होता. वीज गेल्याने एखाद्या कंपनीचे भले झाल्याचे दुसरे उदाहरण मला ठाऊक नाही.

तिसरी प्रत जागेबाहेर. "आमची एक डिस्क सांगलीच्या शाखेत असते" असे मला अनेकांनी अभिमानाने सांगितले आहे. २००५, २०१९ आणि २०२१ या तिन्ही वर्षी कृष्णेने सांगलीला आणि पंचगंगेने कोल्हापूरला एकाच पावसात वेढले होते, तेव्हा त्या डिस्कची जागा फक्त नकाशावर वेगळी आहे. शिरोळ तालुक्यातल्या गावाकडच्या घराचेही तेच. शिवाय २०१९ मध्ये शिरोलीजवळ पुणे-बेंगळुरू महामार्ग पाण्याखाली जाऊन काही दिवस बंद होता, त्यामुळे पुण्यात ठेवलेली डिस्क सुरक्षित असली तरी हाती येणार नव्हती. माझा सल्ला असा की, फिरती डिस्क शहरातच, पण उंचावर ठेवा: सागरमाळ किंवा आर. के. नगरकडे राहणाऱ्या भावाच्या किंवा भागीदाराच्या घरी. दोन डिस्का घेऊन दर शनिवारी त्यांची अदलाबदल केली की काम भागते. बँकेच्या लॉकरचा पर्यायही चांगला आहे, मात्र लॉकरची खोली तळमजल्यावर आहे का, हे एकदा डोळ्यांनी पाहून या.

घराबाहेर जाणाऱ्या डिस्कला कुलूप हवे. विंडोजच्या प्रो आवृत्तीत बिटलॉकरने पूर्ण डिस्क कुलूपबंद करता येते आणि टॅलीच्या डेटाला टॅलीव्हॉल्टचा पासवर्ड लावता येतो. हा पासवर्ड विसरला तर तो डेटा कोणीही उघडून देऊ शकत नाही, टॅलीची कंपनीसुद्धा नाही. म्हणून पासवर्ड आणि बिटलॉकरची रिकव्हरी की कागदावर लिहून बंद लखोट्यात, डिस्कपासून वेगळ्या जागी ठेवा.

आता क्लाउड. ही चौथी प्रत म्हणून जरूर घ्या; शहराबाहेरची खरी प्रत हीच आहे. परंतु गूगल ड्राइव्ह किंवा वनड्राइव्हमध्ये फोल्डर जोडून ठेवणे आणि बॅकअप घेणे यांत फरक आहे. जोडलेल्या फोल्डरमध्ये इथली फाइल बिघडली की काही क्षणांत तिथलीही बिघडते. जुन्या आवृत्त्या परत मिळवण्याची सोय असते, पण तिला मुदत असते. गूगल ड्राइव्हच्या कचरापेटीत फाइल ३० दिवसच राहते. टॅलीचा चालू डेटा तर अशा जोडलेल्या फोल्डरमध्ये कधीच ठेवू नका, कारण नोंद लिहिली जात असताना फाइल वर चढवली गेली तर ती फुटण्याचा धोका असतो. तयार झालेली बॅकअपची फाइल वर चढवा. आणि पुराच्या काळात मोबाइलचे टॉवर व ब्रॉडबँड दोन्ही दगा देतात, तेव्हा त्या चार-पाच दिवसांत क्लाउडच्या भरवशावर बिले करता येतील असे गृहीत धरू नका.

तिसरे काम: प्रत उलगडून पाहणे

ही पायरी सर्वांत कमी वेळाची आणि सर्वांत जास्त टाळली जाणारी आहे. तिमाहीतून एकदा, चालू संगणक सोडून दुसऱ्या एखाद्या लॅपटॉपवर, बाहेर ठेवलेल्या डिस्कवरची प्रत उघडा. त्याच संगणकावर करायचे असेल तर पुनर्स्थापना करताना नवे रिकामे फोल्डर द्या. चालू डेटाचाच मार्ग दिला तर जुनी प्रत आजच्या नोंदींवर चढेल आणि तपासणीच अपघात ठरेल. कंपनी उघडली की शेवटच्या व्हाउचरचा क्रमांक आणि तारीख, तेरीज (ट्रायल बॅलन्स), एखाद्या मोठ्या गिऱ्हाइकाची येणे बाकी आणि एका महिन्याची विक्री, एवढे चार आकडे मूळ डेटाशी ताडून पाहा. जुळले तर कागदावर तारीख टाकून सही करा. एका ठिकाणी वर्षभर नेमाने घेतलेली "प्रत" उघडली तेव्हा तिच्यात फक्त टॅलीच्या चिन्हाचा शॉर्टकट निघाला होता. पोराने डेस्कटॉपवरचे चिन्हच दररोज पेनड्राइव्हवर ओढले होते. त्याची चूक म्हणावी तर त्याला कोणी दाखवलेच नव्हते.

चौथे काम: नदीच्या फुटांना कामे बांधणे

आपल्याकडे पुराचा अंदाज घेण्याचे माप तयार आहे. राजाराम बंधाऱ्यावर ३९ फूट ही इशारा पातळी आणि ४३ फूट ही धोका पातळी, हे पेठेतल्या पोरालाही तोंडपाठ असते. राधानगरी धरणाच्या सात स्वयंचलित दरवाजांपैकी किती उघडले, याची बातमी चहाच्या गाड्यावर आधी पोचते. मग संगणकाची कामेही याच मापावर बांधा, म्हणजे "आता हलवायचे का?" हा वाद ऐन वेळी होणार नाही.

पातळी ३५ फुटांच्या पुढे सरकू लागली की पूर्ण प्रत घ्या, एक डिस्क उंचावरच्या घरी पाठवा आणि लॅपटॉप, फोन व पॉवर बँक भरून ठेवा. येत्या आठ-दहा दिवसांत जीएसटीची किंवा अन्य कराची तारीख येत असेल तर विवरणपत्र आजच भरून मोकळे व्हा. पातळी ३९ फुटांवर आली की सीपीयू, राउटर, सीसीटीव्हीचा रेकॉर्डर, प्रिंटर, डिजिटल स्वाक्षरीचे टोकन आणि परवान्यांची फाइल वरच्या मजल्यावर न्या. काढण्याआधी प्रत्येक वायरीचा आणि मागच्या बाजूचा मोबाइलवर फोटो काढा, तो परत जोडताना उपयोगी पडतो. ४३ फुटांची वाट न पाहता, पाणी आपल्या गल्लीच्या तोंडाशी येण्याआधी मुख्य स्विच बंद करा, यूपीएसही बंद करून वर न्या, कारण मुख्य वीज बंद असली तरी यूपीएसच्या बॅटरीचा करंट सुरूच असतो. पाणी शिरल्यानंतर दुकानात उतरून संगणक वाचवायला कोणीही जाऊ नये. तोवर वर उल्लेखलेल्या प्रती नसतील तर आता उशीर झाला आहे.

हे फूट प्रत्येकाला सारखे लागू नाहीत. कुंभार गल्ली, व्हीनस कॉर्नर, दसरा चौक, नागाळा पार्क किंवा कसबा बावड्याकडचा सखल भाग इथे पाणी कधी येते ते तिथल्या जुन्या माणसाला विचारा, आणि २०१९ व २०२१ मध्ये आपल्या भिंतीवर पाणी कुठवर आले होते त्या उंचीवर रंगाने रेघ मारून ठेवा. संगणक, स्विच बोर्ड आणि रेकॉर्डर बारा महिने त्या रेघेच्या वर राहू शकतील अशी मांडणी झाली तर निम्मी धावपळ संपते. नदीपासून लांब असलेल्यांनीही जयंती नाल्याला विसरू नये.

विजेबद्दल थोडक्यात

पुराची बातमी होते, पण दरवर्षी जास्त मशीन विजेने मरतात. एप्रिल-मेमध्ये वळीव येतो तेव्हा वीज नुसत्या लाइटच्या तारेतून येत नाही, ब्रॉडबँडच्या तांब्याच्या केबलमधूनही येते आणि राउटरसह संगणकाचा लॅन पोर्ट जाळून जाते. गडगडाट सुरू झाला की प्लगबरोबर नेटची वायरही काढा. अर्थिंग तपासून घ्या. इलेक्ट्रिशियनने मीटर लावल्यावर न्यूट्रल आणि अर्थ यांच्यात दोन-तीन व्होल्टपेक्षा जास्त दिसत असेल तर दुरुस्ती हवी. यूपीएसची बॅटरी साधारण दोन-तीन वर्षांत थकते, आणि थकलेला यूपीएस ऐन नोंद करताना वीज जाते तेव्हाच उघडा पडतो. शेजारी वेल्डिंग किंवा भट्टी असेल तर संगणकासाठी वेगळी लाइन ओढून घेणे परवडते.

पाचवे काम: चोरवाटा बुजवणे

पुराचे पाणी दिसते, ही वाट दिसत नाही. छोट्या धंद्यात मी पाहिलेल्या चोरवाटा बहुतेक वेळा आपणच उघड्या ठेवलेल्या असतात.

घरून टॅली पाहता यावी म्हणून कोणीतरी विंडोजचे रिमोट डेस्कटॉप थेट इंटरनेटवर उघडून देतो आणि पासवर्ड दुकानाचे नाव व वर्ष असा असतो. जगभरातून असे उघडे दरवाजे रात्रंदिवस चाचपडले जातात आणि खंडणीच्या विषाणूची ही आवडती वाट आहे. तो दरवाजा बंद करा. लागतच असेल तर व्हीपीएनमागे, म्हणजे ओळख पटवूनच आत सोडणाऱ्या खासगी जोडणीमागे ठेवा. दुरून संगणक हाताळू देणाऱ्या एनीडेस्कसारख्या सॉफ्टवेअरमध्ये दुरुस्तीवाल्याने कायमचा पासवर्ड टाकून ठेवला आहे का ते पाहा आणि काम झाल्यावर तो काढा. फुकटात मिळालेली क्रॅक केलेली टॅली किंवा ऑफिस स्वस्त पडत नाही. तो क्रॅक चालवायला अँटिव्हायरस बंद करा असे जो सांगतो, तो पुढे काय आत सोडतो याची खात्री कोण देणार?

विंडोज १० साठीचा मायक्रोसॉफ्टचा नियमित आधार, म्हणजे सुरक्षेच्या मोफत सुधारणा, १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला, तेव्हा बँकेचे व्यवहार ज्या संगणकावर होतात तो तरी आधी बदला. रोजच्या कामासाठी अ‍ॅडमिनिस्ट्रेटरचे खाते वापरू नका, साधे खाते करा. विंडोजमध्येच महत्त्वाच्या फोल्डरवर अनोळखी प्रोग्रामला लिहू न देण्याची सोय आहे. ती रॅन्समवेअर संरक्षणाच्या सेटिंगमध्ये सापडते. चालू केल्यावर टॅलीला परवानगी द्यायला विसरू नका, नाहीतर पहिल्याच बिलाला ओरड होईल.

टॅलीत सगळे एकाच नावाने शिरत असतील तर कोणी काय खोडले हे कधीच कळणार नाही. दिवाणजी, बिलिंगवाला आणि मालक यांची वेगळी खाती करा, आणि जुन्या तारखेच्या नोंदी बदलण्याचा अधिकार एकाच्याच हाती ठेवा. माणूस नोकरी सोडतो त्याच संध्याकाळी त्याचे खाते, व्हॉट्सअ‍ॅपवरची जोडलेली उपकरणे, वायफायचा आणि ईमेलचा पासवर्ड बदला. यात अविश्वास नाही; कुलूप बदलण्याइतकीच ती रीत आहे. जीएसटी पोर्टलवर नोंदलेला मोबाइल आणि ईमेल मालकाचाच असावा. अनेक ठिकाणी तो कर सल्लागाराच्या ऑफिसातल्या मुलाचा असतो, आणि तो मुलगा बेंगळुरूला गेला की ओटीपीही त्याच्याबरोबर जातो.

फोन हाही संगणकच आहे. व्हॉट्सअ‍ॅप बिझनेसला दोन टप्प्यांच्या पडताळणीचा पिन लावा. लग्नपत्रिका, वाहतुकीचे चलन किंवा बँकेची केवायसी या नावाने आलेली एपीके (फोनमध्ये अ‍ॅप बसवणारी) फाइल कधीही उघडू नका. खरी पत्रिका फोटो किंवा पीडीएफ म्हणून येते. कुरिअरवाल्याच्या सांगण्यावरून चांदणीने सुरू होणारा क्रमांक फिरवला की तुमचे कॉल, आणि त्यांच्यावरून सांगितले जाणारे ओटीपी, भलत्याकडे वळू शकतात. शंका आली तर ##००२# डायल करून सगळे वळवलेले कॉल रद्द करता येतात. काउंटरवर गिऱ्हाइकाने दाखवलेला पैसे पाठवल्याचा स्क्रीनशॉट पुरावा मानू नका, आणि रोज सकाळी दुकान उघडताना क्यूआर कोडवर दुसरा स्टिकर चिकटवला नाही ना, हे नखाने खरवडून पाहा.

सर्वांत मोठी रक्कम मात्र साध्या ईमेलने जाते. माझ्या माहितीतल्या एका फाउंड्रीला नेहमीच्या पुरवठादाराकडून मेल आला की ऑडिटमुळे आमचे बँक खाते बदलले आहे, पुढचे पैसे नव्या खात्यात भरा. मागचा सगळा पत्रव्यवहार खाली जोडलेला होता, इनव्हॉइस क्रमांक बरोबर होता, फक्त पाठवणाऱ्याच्या पत्त्यात एक अक्षर जास्त होते. पैसे गेले ते परत आले नाहीत. यावर एकच नियम पुरतो: खाते बदलल्याचा मेल, पत्र किंवा मेसेज आला की आपल्या जुन्या वहीतल्या नंबरवर स्वतः फोन लावायचा, आणि ओळखीच्या माणसाच्या तोंडून ऐकल्याशिवाय रुपयाही सोडायचा नाही. मेलमध्ये दिलेल्या नंबरवर फोन केला तर चोरच उचलेल आणि "हो, बरोबर आहे" म्हणेल. हा नियम भिंतीवर लावा, कारण मालक परगावी असताना आणि ट्रक दारात उभा असतानाच असे मेल येतात.

घडलेच तर

पैसे फसवून काढले गेले तर आधी १९३० वर फोन करा आणि लगेच बँकेला कळवा. ऑनलाइन तक्रार सायबरक्राइम डॉट जीओव्ही डॉट इन या संकेतस्थळावर नोंदवता येते. रक्कम पुढच्या खात्यांतून काढली जाण्याआधी ती गोठवता आली तरच परत मिळण्याची आशा असते, म्हणून "आधी घरात बोलतो, मग बघू" यात जाणारा तासच महागात पडतो.

फायलींची नावे बदललेली दिसली आणि पडद्यावर खंडणीची मागणी आली, तर नेटची वायर उपटा, वायफाय बंद करा आणि बाकीचे संगणकही जाळ्यातून सोडवा. बॅकअपची डिस्क त्या संगणकाला "बघू या तरी" म्हणून जोडू नका. शेवटची शिल्लक प्रत अशीच जाते. मागणीच्या पडद्याचा फोटो काढा. सर्ट-इन या सायबर सुरक्षेच्या केंद्रीय संस्थेच्या २८ एप्रिल २०२२ च्या आदेशानुसार अशा घटना लक्षात आल्यापासून ६ तासांत तिला कळवायच्या असतात. काही विषाणूंच्या किल्ल्या युरोपातल्या पोलिसांनी सुरू केलेल्या नो मोअर रॅन्सम या प्रकल्पावर मोफत मिळतात, म्हणून बिघडलेली डिस्क फॉरमॅट न करता बाजूला ठेवा आणि नव्या डिस्कवर विंडोज टाकून प्रत उलगडा. खंडणी दिल्यावर किल्ली मिळेल याची हमी कोणी देत नाही.

पाण्यात बुडालेली हार्ड डिस्क सुरू करून पाहू नका, तांदळात पुरू नका, उन्हात किंवा हेअर ड्रायरने वाळवू नका. गाळ आत वाळून कडक झाला की तबकड्यांवर ओरखडे उठतात. ओलसर कापडात गुंडाळून, हवाबंद पिशवीत घालून, ती तशीच डेटा रिकव्हरीच्या जाणकाराकडे द्या. भिजलेल्या वह्या आणि बिलबुके यांची पाने ओढून सुटी करू नका; लगेच वाळवणे शक्य नसेल तर प्लास्टिकच्या पिशवीत घालून फ्रीजरमध्ये ठेवली तर बुरशी थांबते आणि नंतर सावकाश वाळवता येते.

विमा आणि तिजोरीच्या दारावरचा कागद

एका जागेवरची एकूण जोखीम ५ कोटी रुपयांपर्यंत असलेल्या उद्योगांसाठी १ एप्रिल २०२१ पासून भारत सूक्ष्म उद्यम सुरक्षा ही प्रमाणित पॉलिसी मिळते आणि तिच्यात पूर येतो. पण आगीच्या किंवा पुराच्या पॉलिसीत संगणकाची किंमत मिळते, आतला डेटा पुन्हा उभा करण्याचा खर्च मिळेलच असे नाही. त्यासाठी इलेक्ट्रॉनिक उपकरणांची किंवा सायबरची वेगळी पॉलिसी पाहावी लागते. घेताना एजंटाला हाच प्रश्न लेखी विचारा. दावा करायचा झाला तर खरेदीची बिले आणि अनुक्रमांकांचे फोटो क्लाउडवर असू द्या, आणि सर्व्हेअर पाहून जाईपर्यंत चिखलाचा सीपीयू भंगारात घालू नका.

शेवटी या सगळ्याचा एक पानी कागद करा. डिस्क कोणाच्या घरी आहे, लखोटा कुठे आहे, ३५, ३९ आणि ४३ फुटांना कोणी काय करायचे, संगणकवाल्याचा, इलेक्ट्रिशियनचा, विमा एजंटाचा आणि कर सल्लागाराचा नंबर काय, आणि मालक नसेल तर निर्णय कोणाचा, एवढे त्यावर पुरते. कागद तिजोरीच्या दाराच्या आतल्या बाजूला चिकटवा आणि त्याचा फोटो दोन माणसांच्या फोनमध्ये ठेवा. दरवर्षी मृगाच्या आधी, जूनच्या पहिल्या आठवड्यात, एक संध्याकाळ दुकान तासभर लवकर बंद करून हा कागद हातात घ्या आणि सगळ्यात नव्या मुलाला सांगा: मालक इथे नाहीत, पाणी ३९ फुटांवर आहे, आता तू काय करशील ते करून दाखव. तो जिथे अडेल तिथे कागदात दुरुस्ती करायची आणि खाली नवी तारीख टाकायची.